विंडोज १० चा सपोर्ट संपला: ११ वर जायचं, मुदतवाढ घ्यायची, मिंट टाकायचं की नवा लॅपटॉप?

१४ ऑक्टोबर २०२५ ला विंडोज १० चा नेहमीचा सपोर्ट संपला. तेव्हापासून जो भेटतो तो मला एकच विचारतो: लॅपटॉप तर मस्त चालतोय, मग आता टाकून द्यायचा का? माझं उत्तर आधीच देऊन टाकते. टाकायचा नाही. आणि काहीच न करता तसाच वापरत राहायचाही नाही. मधल्या वाटा आहेत: विंडोज ११, १० च्या सुरक्षा पॅचची मुदतवाढ, किंवा विंडोजऐवजी चालणारी लिनक्स मिंट ही फुकट ऑपरेटिंग सिस्टिम. त्यातली तुमची कोणती, हे लॅपटॉप किती जुना आहे यावर फारसं ठरत नाही. तुमचं काम कोणत्या एका प्रोग्रॅमवाचून अडतं, त्यावर ठरतं.

बातमी आली तेव्हा दोन्हीकडून टोकाचं बोललं गेलं. एक गट म्हणत होता, उद्यापासून प्रत्येक मशीन हॅक होणार. दुसरा म्हणत होता, नवी मशीनं खपवायची आहेत म्हणून घाबरवतात, होत काहीच नाही. मला काळजी दुसऱ्या गटाची वाटते, कारण सुरुवातीला त्यांचंच खरं ठरतं. मशीन सुरू होतं, फाइली जागच्या जागी असतात, सगळं कालच्यासारखंच दिसतं. बंद होतात ते फक्त दर महिन्याच्या दुसऱ्या मंगळवारी येणारे सुरक्षा पॅच, म्हणजे सिस्टिममधली भोकं बुजवणारे छोटे अपडेट.

आता हे पॅच थांबल्याने नेमकं काय बिघडतं? विंडोज १० आणि ११ यांचा आतला बराचसा कोड एकच आहे. मायक्रोसॉफ्ट ११ मधलं एखादं भोक बुजवते, तेव्हा हल्लेखोर पॅचच्या आधीची आणि नंतरची फाइल शेजारी-शेजारी ठेवतात आणि काय बदललं ते पाहतात. जिथे बदल, तिथे भोक. तेच भोक १० मध्ये असेल तर तिथे ते उघडंच राहतं. महिने जातात तशी ही यादी वाढत जाते, आणि ती कुणापासून लपलेली नसते.

२०१७ मधलं वॉनाक्राय आठवा, फाइली कुलूपबंद करून खंडणी मागणारा तो प्रोग्रॅम. तो ज्या भोकातून शिरला त्यावरचा पॅच मायक्रोसॉफ्टने मार्च २०१७ मध्येच दिला होता. १२ मे ला हल्ला झाला, ब्रिटनमधल्या सरकारी रुग्णालयांना रुग्णांच्या भेटी रद्द कराव्या लागल्या. सपोर्ट संपून तीन वर्षं झालेल्या विंडोज एक्सपीसाठी सुद्धा कंपनीला तातडीने पॅच काढावा लागला. पण सर्वाधिक लागण झाली होती विंडोज ७ ला, ज्याचा सपोर्ट तेव्हा चालू होता. पॅच होता, लोकांनी टाकला नव्हता. म्हणून मी 'जुनं विंडोज धोकादायक' असं म्हणत नाही, 'पॅच नसलेलं विंडोज धोकादायक' असं म्हणते. पुढची सगळी तुलना याच कसोटीवर आहे: पॅच कुठून येणार, किती दिवस येणार, आणि त्यासाठी तुम्हाला काय सोडावं लागणार.

'मी तर फक्त ब्राउझर वापरतो' म्हणणाऱ्यांसाठी एक गोष्ट. ब्राउझरला अजून वेळ आहे हे खरं. विंडोज ७ चा सपोर्ट जानेवारी २०२० मध्ये संपला, तरी क्रोमने त्याला २०२३ च्या सुरुवातीपर्यंत सांभाळलं. विंडोज १० वर एज ब्राउझरला किमान ऑक्टोबर २०२८ पर्यंत अपडेट देऊ असं मायक्रोसॉफ्टने सांगितलं आहे. पण ब्राउझर ज्या सिस्टिमवर उभा आहे ती उघडी असेल, तर नुसत्या ब्राउझरच्या अपडेटवर विसंबून बँकेचे व्यवहार करू नका.

आधी तपासा, मग ठरवा

तुमचं मशीन ११ ला पात्र आहे का ते आधी बघू. पहिली अट टीपीएमची, म्हणजे मशीनमधल्या सुरक्षेच्या चिपची. विंडोजचं बटण आणि आर एकत्र दाबा, टीपीएम डॉट एमएससी (tpm.msc) टाइप करा, एंटर मारा. उघडलेल्या खिडकीत टीपीएमची आवृत्ती २.० दिसली तर अर्धं काम झालं. 'टीपीएम सापडलं नाही' असा संदेश आला तरी लगेच हताश होऊ नका. बऱ्याच मशीनमध्ये ते असतं, फक्त बायोसमध्ये, म्हणजे विंडोज सुरू होण्याआधीच्या मूळ सेटिंग्जमध्ये, बंद ठेवलेलं असतं. इंटेलच्या मशीनवर त्याचं नाव पीटीटी, एएमडीवर एफटीपीएम. 'तुमचं मशीन ११ ला चालत नाही' असं ऐकून आलेल्या एका मैत्रिणीचं मशीन त्या एका सेटिंगने पात्र ठरलं. ती नव्या लॅपटॉपचे मॉडेल बघत बसली होती.

बायोसला हात लावण्याआधी मात्र बिटलॉकर, म्हणजे डिस्कवरचा डेटा कुलूपबंद ठेवणारी विंडोजची सोय, चालू आहे का ते बघा. चालू असेल तर ४८ आकडी रिकव्हरी की कागदावर उतरवून घ्या. टीपीएम किंवा सिक्युअर बूटची सेटिंग बदलली की मशीन पुढच्या वेळी ती की मागू शकतं, आणि ती नसेल तर सगळा डेटा कुलपात. बहुतेक वेळा ही की मायक्रोसॉफ्ट खात्यात जपलेली असते, पण त्या खात्याचा पासवर्डच आठवत नाही अशी वेळ मी पाहिली आहे.

दुसरी अट प्रोसेसरची. इंटेल असेल तर ढोबळमानाने आठवी पिढी किंवा पुढची, एएमडी असेल तर रायझन २००० मालिका किंवा पुढची. आय५-८२५०यू असं लिहिलेलं असेल तर तो आठव्या पिढीतला, आय५-७२००यू असेल तर सातव्या. इथे माझा राग आहे आणि तो मी लपवत नाही. टीपीएम २.० असलेली सातव्या पिढीची कितीतरी मशीनं आहेत. रोजच्या कामात ती कुठेही अडत नाहीत, आणि तरी रेषेच्या पलीकडे राहिली. विंडोज १० आलं त्या वर्षी, २०१५ मध्ये, मायक्रोसॉफ्टच्याच एका माणसाने व्यासपीठावरून त्याला 'विंडोजची शेवटची आवृत्ती' म्हटलं होतं. त्यानंतरच्या काळात मशीन घेणाऱ्याने ते मनावर घेतलं असेल, तर त्याचं काय चुकलं?

मशीन बसत असेल तर ११ घ्या

इथे मी फार वेळ घालवत नाही. मशीन पात्र असेल तर अपग्रेड मोफत आहे, प्रोग्रॅम आणि फाइली राहतात, पॅच चालू राहतात. ११ मधल्या काही गोष्टी मलाही पटत नाहीत. नव्याने बसवताना खातं उघडायची सक्ती आणि स्टार्ट मेन्यूतल्या जाहिरातवजा शिफारशी यांचा मला त्रास होतो. पण नावडतं आणि असुरक्षित यात निवड करायची असेल तर नावडतं बरं.

'११ वर गेलो तर रिकॉल माझ्या स्क्रीनचे फोटो काढत बसेल' ही भीती फार पसरली आहे, म्हणून तिच्याबद्दल थोडं. रिकॉल म्हणजे स्क्रीनवर काय-काय दिसलं ते टिपून ठेवून नंतर शोधू देणारी ११ मधली सोय. मे २०२४ मध्ये ते जाहीर झालं तेव्हा संशोधकांनी त्याच्या सुरक्षेवर घेतलेले आक्षेप रास्त होते. टीका झाली म्हणूनच ते पुढे ढकललं गेलं, आणि एप्रिल २०२५ मध्ये आलं ते वापरणाऱ्याने स्वतः चालू केलं तरच चालेल अशा रूपात. पण ते चालतं फक्त कोपायलट प्लस वर्गातल्या मशीनवर. त्यासाठी एआयची एक वेगळी चिप लागते, जी २०१८-१९ च्या लॅपटॉपमध्ये नसतेच. तुमच्या जुन्या मशीनसाठी रिकॉल हे ११ टाळायचं कारण होऊ शकत नाही.

एक अट मात्र मी नेहमी घालते. आत फिरणारी हार्ड डिस्क असेल तर आधी ती काढून एसएसडी, म्हणजे चिपवर चालणारी वेगवान डिस्क, टाका. रॅम ८ जीबी करा. कंपनीची किमान अट ४ जीबीची आहे, पण तेवढ्यावर रोजचं काम करणं म्हणजे सतत मशीन हँग होण्याची वाट बघणं.

अपात्र मशीनवर जबरदस्तीने ११ बसवता येतं का? येतं. रूफससारखं साधन तपासणी वगळून पेन ड्राइव्ह बनवून देतं. स्वतःच्या प्रयोगाच्या मशीनवर खुशाल करा. आईवडिलांच्या मशीनवर करू नका. अशा मशीनला अपडेट मिळण्याची हमी मायक्रोसॉफ्ट देत नाही, आणि दरवर्षीची मोठी आवृत्ती अनेकदा आपण होऊन येत नाही, ती हाताने बसवावी लागते. २४एच२ आवृत्तीत प्रोसेसरला काही ठरावीक सूचना कळणं सक्तीचं झालं आणि फार जुनी मशीनं एका झटक्यात बाद झाली. जिथे दरवर्षी तुम्हाला स्वतः जाऊन बसावं लागणार आहे, तिथे ही वाट धरू नका.

मुदतवाढ आणि मिंट, समोरासमोर

मशीन अपात्र असेल तर खरी निवड या दोघांतली आहे.

मुदतवाढीचं अधिकृत नाव ईएसयू. घरगुती वापरासाठी ती १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंत आहे. मशीनवर विंडोज १० ची २२एच२ आवृत्ती हवी. नोंदणी सेटिंग्जमधल्या विंडोज अपडेटच्या पानावरूनच होते. तीन मार्ग ठेवलेत: ठरावीक शुल्क भरा, मायक्रोसॉफ्ट रिवॉर्ड्सचे १,००० गुण द्या, किंवा विंडोज बॅकअप चालू करून सेटिंग्ज खात्याशी सिंक करा. तिसरा मार्ग मोफत आहे. कोणताही घेतला तरी मायक्रोसॉफ्ट खातं लागतंच, आणि एका नोंदणीत १० मशीनं बसतात. मिळतात ते फक्त सुरक्षा पॅच. नवी सोय नाही, तांत्रिक मदत नाही.

बॅकअपच्या अटीला घाबरून पैसे भरायची गरज नाही. फक्त सेटिंग्ज सिंक केल्या तरी भागतं. फाइली वनड्राइव्हवर चढवायच्या नसतील तर तो पर्याय बंद ठेवा, तिथे मोफत जागा ५ जीबीच आहे. युरोपीय आर्थिक क्षेत्रातल्या ग्राहकांना, तिथल्या ग्राहक संघटनेने पाठपुरावा केल्यावर, हीच मुदतवाढ बॅकअपच्या अटीशिवाय मोफत मिळाली. जे तिथे देता आलं ते सगळीकडे देता आलं असतं, असं माझं ठाम मत आहे. अमेरिकेतल्या कन्झ्युमर रिपोर्ट्सनेही सप्टेंबर २०२५ मध्ये सत्या नडेला यांना पत्र लिहून मोफत सपोर्ट वाढवायची मागणी केली होती.

मुदतवाढीची मोठी जमेची बाजू ही की रोजच्या वापरात काहीही बदलत नाही. तोच प्रिंटर, तेच हिशेबाचं सॉफ्टवेअर, तीच सवय. तिचा दोष असा की ती तारीख फक्त पुढे ढकलते. १४ ऑक्टोबर २०२६ ला घरगुती वापरणारा पुन्हा त्याच चौकात उभा असेल. कंपन्यांना तीन वर्षांपर्यंत विकत घेता येते, पण दरवर्षी दर दुप्पट.

आता लिनक्स मिंट. २००६ पासून चालत आलेलं, फुकट, विंडोजच्या माणसाला पहिल्या दिवशी परकं वाटू नये अशी मांडणी: खाली पट्टी, डाव्या कोपऱ्यात मेन्यू, उजवीकडे घड्याळ. २०२४ च्या जुलैमध्ये आलेली मिंट २२ ही उबुंटू २४.०४ वर उभी आहे आणि तिला २०२९ पर्यंत अपडेट आहेत. किमान २ जीबी रॅम पुरते, ४ असली तर बरं. अगदी अशक्त मशीनसाठी एक्सएफसीई ही हलकी आवृत्ती घ्या. प्रोसेसरच्या पिढीची अट नाही, खात्याची सक्ती नाही.

मिंटची मला सर्वात आवडणारी गोष्ट ही की ते बसवण्याआधी वापरून बघता येतं. ८ जीबीचा पेन ड्राइव्ह बनवायचा, मशीन त्यावरून सुरू करायचं, डिस्कला हात न लावता मिंट समोर उभं राहतं. फक्त डेस्कटॉप बघून 'वा, छान' म्हणू नका. वायफाय लागतं का, आवाज येतो का, ब्राइटनेसची बटणं चालतात का, कॅमेरा उघडतो का. झाकण मिटा, दहा मिनिटांनी उघडा, मशीन जागं होतं का. प्रिंटरला एक पान पाठवा. यातलं काही अडलं तर ते नंतरही अडणार, तेव्हा आत्ताच कळलेलं बरं.

दोष? आहेत, आणि ते सांगितले नाहीत तर मी तुमची फसवणूक करेन. मायक्रोसॉफ्ट ऑफिस, फोटोशॉप, ऑटोकॅड हे मिंटवर थेट चालत नाहीत. लिब्रेऑफिसमध्ये साध्या फाइली उत्तम उघडतात, पण मॅक्रोंनी भरलेली एक्सेल शीट अनेकदा मोडते, आणि कॅलिब्रीसारखा फॉन्ट नसल्यावर कागदपत्राची रचना हलू शकते. स्टीम या गेमच्या ऑनलाइन दुकानातले बरेच गेम प्रोटॉन या जोडसाधनाच्या आधाराने चालतात, पण फोर्टनाइट आणि व्हॅलोरंट नाहीत. बोटाचा ठसा वाचणारा सेन्सर आणि काही स्कॅनर दगा देतात. आणि काही अडलं की मदत करायला ओळखीत कुणी असेलच असं नाही. हा शेवटचा मुद्दा लोक हसण्यावारी नेतात, पण वापरणारा माणूस एकटा असेल तर माझ्या लेखी तोच सगळ्यात मोठा. याच तारखेच्या निमित्ताने 'एंड ऑफ टेन' ही मोहीम सुरू झाली, लिनक्स बसवून देणारे स्वयंसेवक आणि ठिकाणं तिच्या यादीत सापडतात.

गुगलचं क्रोमओएस फ्लेक्सही फुकट आहे. ज्याचं शंभर टक्के काम ब्राउझरमध्ये चालतं आणि ज्याचं मॉडेल त्यांच्या प्रमाणित यादीत आहे, त्याने ते जरूर बघावं. पण त्यावर अँड्रॉइड ॲप चालत नाहीत, आणि यादीतल्या प्रत्येक मॉडेलला सपोर्टची शेवटची तारीख आहे. एका तारखेतून सुटून दुसरीत अडकायचं, म्हणून माझी पसंती मिंटला.

नवा लॅपटॉप कधी?

बॅटरी फुगली असेल, बिजागरी तुटली असेल, रॅम ४ जीबीवर सोल्डर केलेली आणि वाढवायची सोय नसेल, किंवा जड व्हिडिओ एडिटिंगसारखं काम असेल तर घ्या. तारखेच्या धाकाने घेऊ नका. सपोर्ट संपला तेव्हा स्टॅटकाउंटरच्या मोजणीत विंडोजवरच्या सुमारे ४० टक्के संगणकांवर अजून १० च होतं. कॅनलिस या बाजार-संशोधन संस्थेने डिसेंबर २०२३ मध्ये अंदाज बांधला होता की या बदलामुळे २४ कोटी संगणक भंगारात जाऊ शकतात. जगात २०२२ या एका वर्षात ६.२ कोटी टन ई-कचरा तयार झाला आणि त्यातल्या फक्त २२.३ टक्क्यांचा रीतसर पुनर्वापर झाल्याची नोंद आहे. लॅपटॉपच्या आयुष्यभराच्या प्रदूषणाचा मोठा वाटा तो बनवतानाच होऊन गेलेला असतो. चालतं मशीन आणखी चार वर्षं चालवणं हे मला नुसतं काटकसरीचं वाटत नाही, ते योग्य वाटतं.

ताईच्या लॅपटॉपचं आम्ही काय केलं

ताईचा लॅपटॉप सहाव्या पिढीचा, म्हणजे ११ चा विषयच नाही. मी तिला आधी एक वही दिली आणि म्हटलं, आठवडाभर जे-जे उघडशील ते लिही. आठवड्याने नऊ नोंदी झाल्या. ब्राउझर, ईमेल, पत्रं, पीडीएफ, व्हिडिओ कॉल, फोटो, गाणी, स्कॅनर आणि हिशेबाचं सॉफ्टवेअर. पहिल्या सात पेन ड्राइव्हवरच्या मिंटमध्ये बिनबोभाट चालल्या. स्कॅनर दिसतच नव्हता. हिशेबाचं सॉफ्टवेअर फक्त विंडोजवर चालणारं.

सगळा बॅकअप घेऊन जुनी डिस्क काढली, एसएसडी टाकली, आणि दोन्ही ठेवलं: मुदतवाढ घेतलेलं विंडोज १० आणि शेजारी मिंट. असं करणार असाल तर विंडोज आधी बसवा आणि त्यातलं फास्ट स्टार्टअप बंद करा. ते चालू राहिलं तर विंडोज पूर्ण बंदच होत नाही आणि मिंटमधून तिकडच्या ड्राइव्हवर काही लिहिता येत नाही. पहिल्या दिवशी ताईचा घाबरून फोन आला, विंडोजचं घड्याळ कित्येक तास चुकलंय म्हणून. मशीनच्या आतलं घड्याळ लिनक्स जागतिक वेळेवर धरतं, विंडोज स्थानिक वेळेवर, आणि दोघं एकमेकांची वेळ बदलत राहतात. मिंटमध्ये एका आज्ञेने ते जुळवता येतं. टर्मिनलमध्ये 'टाइमडेटसीटीएल सेट-लोकल-आरटीसी १' (timedatectl set-local-rtc 1) ही आज्ञा इंग्रजी लिपीत द्यायची.

विंडोजमध्ये ब्राउझरचं चिन्हच आम्ही डेस्कटॉपवरून काढून टाकलं. तिकडे फक्त हिशेब आणि स्कॅनिंग, बाकी सगळं मिंटमध्ये. पहिल्या आठवड्यात ती रोज दोन-तीनदा विंडोजमध्ये जायची. आता महिनाअखेरीला एकदा जाते, हिशेब करते, साचलेले कागद त्याच बैठकीत स्कॅन करते आणि परत येते. हिशेबाचं सॉफ्टवेअर बनवणाऱ्यांना ब्राउझरवर चालणारी आवृत्ती कधी देणार असं तिने लिहून विचारलं आहे. उत्तर ऑक्टोबर २०२६ च्या आत आलं, तर त्या एसएसडीवरचं विंडोज पुसून ती सगळी जागा मिंटला द्यायचं आमचं ठरलंय.